नुसतं प्रथिन पुरेल का?

ऑक्ट-४ या प्रथिनाला हे नाव पडलं ते त्याच्या पकडीवरून. डीएनएच्या लांबलचक मजकुरात ते ठरावीक आठ अक्षरांची जागा हुडकतं आणि तिथे जाऊन बसतं. अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. पेशीने कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं, हे ती ठरवतात. उंदराच्या ऑक्ट-४चं जनुक १९९०च्या सुमारास हाती आलं. ते जनुक काढून टाकलं तर काय होतं, ते १९९८मध्ये कळलं: गर्भ वाढूच शकत नाही, कारण ज्या पेशींतून पुढे सगळं शरीर घडायचं, त्या मूलपेशी तयारच होत नाहीत. २००० साली जपानच्या हितोशी निवा यांच्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ऑक्ट-४ निम्म्यावर आलं की मूलपेशी वारेच्या वाटेला लागतात, आणि दुपटीच्या आसपास गेलं तरी त्यांचं मूलपेशीपण सुटतं. स्वयंपाकातल्या मिठासारखं आहे हे प्रथिन. असून भागत नाही, बेताचं असावं लागतं.

मग २००६ उजाडलं. क्योतोमध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांपासून सुरुवात केली आणि एकेक वगळत चारांवर आले: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. ही चार जनुकं विषाणूंच्या पाठीवर बसवून उंदराच्या त्वचेतल्या पेशींत सोडली, आणि त्या पेशी जवळजवळ गर्भातल्या मूलपेशींसारख्या झाल्या. याचं नोबेल २०१२मध्ये आलं. पण धोंड लगेच समोर उभी होती. हे विषाणू आपलं ओझं पेशीच्या डीएनएत कायमचं रुजवतात. २००७मध्ये अशा पेशींपासून वाढलेल्या उंदरांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाच्या अंगात गाठी झाल्या, कारण रुजलेलं सी-मिक पुन्हा जागं झालं होतं. ज्या पेशी उद्या माणसाच्या शरीरात घालायच्या, त्यांच्याबाबत ही जोखीम कोण पत्करणार?

या प्रश्नावरचं मला सर्वांत मनापासून आवडलेलं उत्तर २००९च्या वसंतात कॅलिफोर्नियातून आलं. स्क्रिप्स संस्थेतल्या शेंग डिंग यांच्या गटाने जनुकं बाजूलाच ठेवली आणि थेट प्रथिनंच वापरायची ठरवली. ती बनवून घेतली ई. कोलाय जिवाणूंकडून. पण जिवाणूच्या पोटात ही प्रथिनं नीट घडी न पडता गुठळ्या होऊन साचतात. गुठळ्या विरघळवायच्या, प्रथिनाची घडी पुन्हा बसवायची, मग शुद्ध करायचं. हे काम ज्याने एकदा केलं आहे, त्याला त्यात किती आठवडे जातात ते वेगळं सांगावं लागत नाही. पुढची अडचण पेशीच्या दाराची. एवढं मोठं प्रथिन पेशी सहजी आत घेत नाही. म्हणून प्रत्येकाला शेपटीसारखी आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या अकरा मण्यांची माळ जोडली. अशी धनभारित माळ असली की प्रथिन पेशीत शिरू शकतं. त्याची पहिली चाहूल १९८८मध्ये एचआयव्हीच्या टॅट प्रथिनाने दिली होती.

उंदराच्या गर्भातल्या तंतुपेशींना या चार प्रथिनांचा रात्रभराचा मारा, मग विसावा, असं चार वेळा केलं. सोबत व्हॅल्प्रोइक ॲसिड हे रसायन दिलं. ५० हजार पेशींमागे मूलपेशींसारख्या पेशींच्या वसाहती उगवल्या तीन.

तीनच! पण माझ्या लेखी ते तीन ठिपके फार मोठे आहेत. पेशीच्या डीएनएला बाहेरचं एक अक्षरही न चिकटवता, प्रथिनांच्या स्पर्शाने आणि एका रसायनाच्या मदतीने तिची ओळख मागे नेता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मानवी पेशींतही असंच करून दाखवलं, तेही तितक्याच तुटपुंज्या यशाने.

रोजच्या कामासाठी मात्र प्रयोगशाळांनी दुसऱ्या वाटा धरल्या. डीएनएत न रुजणारा सेंडाई विषाणू, काही पिढ्यांनंतर पेशीतून गळून जाणारी प्लास्मिड नावाची डीएनएची कडी, २०१०पासून एमआरएनए. २०१३मध्ये बीजिंगहून तर नुसत्या रसायनांनी उंदराच्या पेशी बदलल्याची बातमी आली. कोबेमध्ये सप्टेंबर २०१४ला ज्या रुग्ण महिलेच्या डोळ्यात तिच्याच पेशींपासून बनवलेला पातळ थर बसवला, त्या पेशी प्लास्मिडने घडवलेल्या होत्या. प्रथिनाची वाट मागे पडली ती महाग आणि मंद म्हणून. ती चुकीची होती, असं मी कधीच म्हणणार नाही.

शिवाय प्रथिन स्वतः कुठे गेलं नाही. २०२०मध्ये बाझेलच्या गटाने ऑक्ट-४ आणि सॉक्स-२ ही शुद्ध केलेली मानवी प्रथिनं हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएवर कशी बसतात, याची चित्रं टिपली. सॉक्स-२ डीएनएला वाकवतं आणि तो हिस्टोनांपासून थोडा सुटतो, असं त्यांत दिसलं. उंदराचं ऑक्ट-४ आजही अगदी लहान कुपीतून, गोठवलेलं येतं. ते हळूहळू वितळवायचं, लगेच थोडं थोडं वाटून पुन्हा गोठवायचं, कारण सारखं वितळवलं की ते बिघडतं. त्याची पकड शाबूत आहे का हे पाहायला मग आठ अक्षरांचा तो तुकडा असलेला डीएनए त्यात मिसळायचा आणि मिश्रण जेलवर चालवायचं. प्रथिन चिकटलं असेल तर डीएनएची पट्टी वरच अडून राहते. त्या आठांतली मोक्याची अक्षरं बदलली, की तीच पट्टी सुटून सरळ खाली येते.