मामींची गाठ

२०२३ च्या ऐन दसऱ्याला इंदापूरहून मामांचा फोन आला, "तुझ्या मामीच्या किडनीत गाठ निघालीय." आपट्याची पाने माझ्या हातातच राहिली.

पोट दुखते म्हणून मामी बारामतीला सोनोग्राफीसाठी गेल्या होत्या. दुखणे निघाले पित्ताशयातल्या खड्यांचे. गाठ आपली सहज सापडली. मोठ्या सुपारीएवढी, ३ सेंटिमीटरची. परतताना एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी निमगाव केतकी यायच्या आतच कॅन्सरचे निदान करून टाकले!

रजा काढून मी बारामती गाठली. डॉक्टरांनी निराळाच शब्द सांगितला : अँजिओमायोलिपोमा. नाव जिभेला जड, पण अर्थ सोपा. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली, बहुधा निरुपद्रवी अशी ही गाठ. बायकांत ती अधिक आढळते. तिचे बिंग फोडते ती चरबी. सीटी स्कॅनच्या मोजपट्टीला गॉडफ्रे हौन्सफील्ड यांचे नाव आहे. या यंत्रासाठी त्यांना १९७९ चे नोबेल मिळाले. त्या पट्टीवर पाणी शून्यावर असते, चरबी शून्याच्या खाली. गाठीत असा आकडा सापडला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

मामींच्या गाठीत तो सापडलाच नाही!

काही अँजिओमायोलिपोमांत चरबी इतकी थोडी असते, की स्कॅनमध्ये गाठ थेट कॅन्सरसारखी दिसते. नुसत्या संशयापायी अशा निरुपद्रवी गाठींवरही शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. म्हणून सुईने तुकडा काढायचे ठरले. "सुई लागली की रोग पसरतो," असे मामांना कोणीतरी सांगून ठेवलेले होतेच. तसे घडणे फार विरळा, हे पटवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

तुकडा पुण्याला गेला. तेथे त्याची 'एचएमबी-४५' नावाची रंगचाचणी झाली. गंमत पाहा, ही चाचणी मुळात मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरच्या पेशी हुडकण्यासाठी! पण अँजिओमायोलिपोमाच्या पेशीही तो रंग घेतात. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी सहसा घेत नाहीत.

ते आठ दिवस मामी फराळाचे करीत होत्या. चकल्या बिघडल्या, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

रिपोर्ट आला. पेशींनी रंग घेतला होता! गाठ ४ सेंटिमीटरपुढे वाढली तर रक्तस्रावाची भीती वाढते, म्हणून दरवर्षी तपासणी मात्र करायची. मामींनी विचारले, "म्हणजे किडनी माझ्याकडेच राहणार ना, डॉक्टर?"

परतीच्या एस.टी.त मामा एकेक चेहरा निरखीत बसले होते.