डोक्यावरचं दहा मीटर पाणी

भिवंडीत गच्चीवर जाऊन तारे मोजायला घेतले, तर दोन्ही हातांची बोटंही पुरून उरतात. गोदामांचे दिवे, रस्त्याची धूळ, सायझिंगच्या चिमण्यांचा धूर. खगोलशास्त्र लडाखकडच्यांनी करावं, अशी मग आपली समजूत होते. एक्स-किरणांच्या आकाशापुरती ती साफ चुकीची आहे. तिथे भिवंडी आणि लडाख सारखेच आंधळे.

दवाखान्यात हाताच्या मांसातून पार जाणारा किरण हवेत कसा अडतो? हवा विरळ खरी, पण तिचा थर अफाट. तिचं एकूण वजन सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतकं भरतं. अवकाशातून आलेले एक्स-किरण त्यातच मुरतात. (आपण जिवंत आहोत ते त्यामुळेच, म्हणून तक्रार नको.)

म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला 1515 किलोंचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ 650 किलोमीटर उंचीवर गेला. त्यावरची एक्स-किरणांची मुख्य उपकरणं घडवण्यात मोठा वाटा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा. भिवंडीपासून हवाई अंतर पन्नासेक किलोमीटर! त्यातल्या एका दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले 320 आरसे आहेत. एक्स-किरण आरशावर सरळ आदळला तर आत घुसतो. वऱ्हाळा तलावात चपटा दगड अगदी आडवा फेकला की टप्पे घेत जातो, तसा हा किरणही आरशाला घासून गेला तरच वळतो.

‘लॅक्सपीसी’ या दुसऱ्या उपकरणात आरसेच नाहीत. झेनॉन वायूने भरलेल्या पेट्या येणाऱ्या किरणांची वेळ सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत टिपतात. गरुड तारकासमूहात, म्हणजे आपला श्रवण तारा असतो त्याच भागात, सुमारे 28 हजार प्रकाशवर्षांवर ‘जीआरएस 1915+105’ हे कृष्णविवर आहे. वस्तुमान सूर्याच्या बारापट. सोबतच्या ताऱ्याचा वायू त्याच्याभोवती फिरताना कोटीभर अंश तापतो. विवर दिसत नाही, तो वायू दिसतो. त्याची चमक कधीकधी सेकंदाला सुमारे 67 वेळा थरथरते, आणि ती थरथर लॅक्सपीसीनेही टिपली. साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्या मारतो. इथे मिनिटाला चार हजार ठोके, तेही बारा सूर्यांच्या वजनाभोवती. हा हिशेब मला अजून पचलेला नाही.

विश्वाच्या मोठ्या रचनेलाही हेच किरण लागतात. 2017 मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या संशोधकांनी ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला, तो दृश्य प्रकाशातल्या सर्वेक्षणातून. मात्र अशा समूहांतला कोट्यवधी अंश तापलेला वायू साऱ्या ताऱ्यांहून वजनदार असतो, आणि तो उजळतो मुख्यतः एक्स-किरणांत.

पाच वर्षांच्या बोलीवर गेलेला अ‍ॅस्ट्रोसॅट त्यानंतरही काम करत राहिला. सप्टेंबर 2018 पासून त्याच्या जुन्या नोंदी इस्रोच्या संकेतस्थळावर सर्वांना खुल्या आहेत. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या भिवंडीकर पोरापोरींनी त्यातली एखादी फाइल उतरवून बघावीच. गच्चीवर जायची गरज नाही.