जाळ्याची सावली

मांडव्याच्या शाळकरी मुलांना मांडणशिल्प शिकवायचे, तर पहिली अडचण गुणांची. शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते, आणि इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या गुणांत भर घालते. ज्या कामाला कागदच नाही, त्याला श्रेणी कोण देणार? पालकांचा हा प्रश्न मला रास्त वाटतो.

मी सुरुवात नलिनी मलानींपासून करतो. १९९२ साली त्यांनी मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर चित्रे काढली. प्रदर्शनानंतर ती पुसली गेली. २०१२ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटात त्यांनी मायलारचे पाच रंगवलेले दंडगोल फिरते ठेवले आणि त्यांतून व्हिडिओचा प्रकाश सोडला. मुलांना हे परके वाटत नाही. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या याच तत्त्वावर पडद्यावर नाचतात.

आमचे साहित्य म्हणजे मोबाइल, उसना प्रोजेक्टर आणि फाटके जाळे. जाळे दिव्याजवळ नेले की सावली मोठी, अंधुक होते. भिंतीकडे सरकवले की लहान, रेखीव. (विज्ञानाच्या बाईंना हा वर्ग चित्रकलेच्या आधी पटला.) नववीतल्या एका मुलीने त्या सावलीला रो-रो बोटीच्या भोंग्याचा आवाज जोडला. तिच्या वडिलांची होडी त्याच पाण्यात असते. ते बराच वेळ उभे राहिले. मग, जाळे आपलेच ना, एवढेच त्यांनी तिला विचारले.