गळतीवरून मोजलेला दाब

काचेच्या लांब नळीत पारा भरायचा आणि ती पाऱ्याच्याच वाटीत उलटी उभी करायची. पारा थोडा उतरतो, साधारण 760 मिलिमीटरवर थांबतो, आणि वर रिकामी जागा उरते. टॉरिचेल्लीने सतराव्या शतकात दाखवलेली ही पोकळी 1801च्या सुमारास मँचेस्टरच्या जॉन डाल्टनच्या कामी आली. त्याने नळी आतून आधी पाण्याने ओली केली, मग पारा भरून ती उलटली. हलके पाणी काचेच्या कडेने वर चढले आणि पाऱ्याच्या माथ्यावर पातळ थर होऊन बसले. आत हवा राहिली नाही ना? डाल्टनने नळी तिरकी करून पाहिली. पारा थेट टोकापर्यंत भिडला, म्हणजे हवा नाही. नळी पुन्हा उभी केली, की पारा मात्र पूर्वीपेक्षा खाली थांबतो.

20 अंश सेल्सियसला हे उतरणे साडेसतरा मिलिमीटर असते. ना आच, ना उकळी. थंड पाण्याच्या पृष्ठभागावरून सुटलेले रेणू पाऱ्याचा खांब खाली रेटत असतात. हाच पाण्याचा बाष्पदाब. डाल्टनने नळीभोवती दुसरी रुंद नळी बसवली, तीत हव्या त्या तापमानाचे पाणी ओतले आणि वाचने घेतली. आतल्या पाण्याऐवजी 20 अंशांचेच अल्कोहोल घेतले, तर पारा सुमारे 44 मिलिमीटर उतरेल. ईथर घेतले, तर 440च्या आसपास.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ते वेगळेच. पाणी जास्त घातले म्हणून दाब वाढत नाही. माथ्यावर द्रवाचा थेंबभर अंश शिल्लक असला, की पुरे. थेंबाचा दाब आणि हौदाचा दाब एकच. जितके रेणू सुटतात तितकेच परत येऊन द्रवात मिसळतात, आणि हा तोल कुठे साधायचा ते तापमान ठरवते, साठा नव्हे.

प्रयोगशाळेतली खरी डोकेदुखी द्रवात विरघळलेल्या हवेची असते. ती बाहेर पडली, की बाष्पाबरोबर आपलाही दाब दाखवते. अलेक्झांडर स्मिथ आणि मेंझीस यांनी 1910 साली या अडचणीवर एक सुरेख उपाय योजला. काचेच्या फुग्यात द्रव, फुग्याला जोडलेल्या इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या बाकातही तोच द्रव. पंपाने बाहेरचा दाब इतका कमी करायचा, की द्रव आहे त्याच तापमानाला उकळू लागतो आणि त्याची वाफच अडकलेल्या हवेला हुसकावून लावते. मग बाहेरून हळूहळू हवा सोडायची. बाकाच्या दोन्ही भुजांमधली पातळी सारखी झाली, की आतले बाष्प आणि बाहेरची हवा यांची बरोबरी झाली; बाहेरचा दाब वाचला, की काम झाले.

पण कपाटातल्या डांबराच्या गोळीचे काय? नॅप्थलीनची ही गोळी वितळत नाही, तरी महिन्या-महिन्याला लहान होत जाते. 25 अंशांना तिचा बाष्पदाब सुमारे 11 पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या भाषेत मिलिमीटरचा जेमतेम बारावा भाग. डाल्टनच्या नळीत तो डोळ्यांना दिसणारही नाही. त्याहून क्षीण दाबांना तर पारा स्वतःच आड येतो, कारण टॉरिचेल्लीची ती पोकळीसुद्धा निखळ रिकामी नाही. तिच्यात पाऱ्याचे स्वतःचे बाष्प असते.

कोपनहेगनच्या मार्टिन क्नूडसेनने 1909 साली इथे दाबमापकच बाजूला ठेवला आणि तराजू पुढे केला. पदार्थ एका छोट्या डबीत बंद करायचा, झाकणाला बारीक भोक पाडायचे, आणि डबी निर्वातात ठेवायची. आतले रेणू भिंतींवर आपटत असतात. ही आपटण्याची क्रिया म्हणजेच दाब. भोकाच्या जागी भिंत नसल्याने तिथे आपटायला आलेला रेणू सरळ बाहेर पडतो आणि परतत नाही. म्हणजे काही तासांत डबी किती हलकी झाली हे कळले, की भोकाएवढ्या भिंतीवर किती रेणू आदळले असते ते कळते. तापमान आणि रेणूचे वजन माहीत असले, की त्यावरून दाब.

नॅप्थलीनची डबी पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास थंड केली, की दाब पास्कलच्या घरात उतरतो. दाब नेमका एक पास्कल धरू, म्हणजे हवेच्या दाबाचा साधारण एक लाखावा भाग, आणि भोक एक मिलिमीटर व्यासाचे. गणित सांगते, की डबी तासाला सुमारे साडेआठ मिलिग्रॅमने हलकी होईल. चांगला तराजू हे सहज टिपतो. तेवढ्या भोकातून दर सेकंदाला निसटणारे रेणू मात्र एक कोटी अब्जांहून अधिक! कीटकनाशकांसारख्या पदार्थांसाठी आज याच पद्धतीने पास्कलच्या अब्जाव्या भागाच्याही खाली जाता येते.

फक्त एक गोम आहे. भोक मोठे असेल, तर गळती भरून काढण्याइतक्या वेगाने पदार्थाची वाफ होत नाही आणि आतला दाब पडतो. भोक नसेल, तर मोजायला काही उरत नाही. म्हणून संशोधक वेगवेगळ्या भोकांची झाकणे बदलून प्रयोग करतात, आलेले दाब आलेखावर मांडतात आणि रेषा मागे ओढत नेतात, भोकाचे क्षेत्रफळ शून्य होते तिथपर्यंत. बाष्पदाब म्हणून नोंदवला जातो तो तिथला आकडा, अशा झाकणाचा, जे कधी डबीवर बसवलेच नव्हते.