मुक्कामाची जागा

रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिथून पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड, ही सह्याद्रीतली जुनी आवडती चाल. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून उजेडातच तंबू उभा करायचा तर चारपासूनच जागा बघायला लागावं लागतं. आमच्या वाटाड्या मामांचं बघणं मात्र खिंड उतरतानाच सुरू झालं होतं. प्रत्येक ओढ्यापाशी ते थांबत. पाणी वाहतंय की नुसती डबकी उरलीत, काठावर खूर उमटलेत की पंजे, हे बघून न बोलता पुढे निघत.

हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. इथे मन मानेल तिथे तंबू ठोकू नये, आणि शेकोटी तर नाहीच. सुकलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं, कड्यांना आग्या मोहळं लटकलेली असतात. धूर तिकडे गेला तर धावायलाही वाट उरत नाही. त्यामुळे मुक्काम वाडीजवळ, आणि तोही मालकाला विचारून.

कुमशेतच्या अलीकडे पहिली जागा दिसली ती कापणी झालेल्या भातखाचरात. सपाट, ऐसपैस, ओढा हाकेवर. मी सॅक उतरवायला लागलो, तर मामा म्हणाले, "इथं नको, पहाटे गारठाल." कारण सरळ आहे. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन झपाट्यानं निवते, तिच्या लगतची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून खाली सरकते. पावसाळ्यात पाणी अडवणारे बांध हिवाळ्यात तीच हवा अडवतात. वर दवाचा मारा असतोच.

दुसरी जागा खळ्याची. शेणानं सारवलेली, खडा म्हणून नाही. पण खळं मुळातच वाऱ्याच्या तोंडी केलेलं असतं, धान्य उफणायला वारा लागतो म्हणून. जो वारा भुसा उडवतो तो तंबूही रात्रभर फडफडवत ठेवणार. शिवाय लोकांच्या धान्याची जागा ती. तिथे बूट घालून वावरणं मला तरी पटत नाही.

शेवटी ठरलं ते खाचरांच्या वरच्या टप्प्यावरचं वरईचं मोकळं रान. एका अंगाला कारवीची दाट जाळी, वारा तिकडूनच येत होता. पूर्व मोकळी, म्हणजे सकाळचं ऊन लवकर. मामांनी आधी वर पाहिलं: वाळकी फांदी नाही, दगड सुटेल असा कडा नाही. मग गुरांची वाट कुठून जाते ते पाहून तंबूचं दार तिच्यापासून वळवलं. ओढा शंभरेक पावलं लांब राहिला, तेही मुद्दाम. रात्री पाण्यावर जनावरं येतात, त्यांच्या वाटेत माणसानं झोपू नये. जमिनीला थोडा उतार होता, म्हणून डोकं चढाकडे केलं. वरईचे टोकदार बुडखे काढून मगच खाली कापड अंथरलं. मालकाकडे मामा आधीच जाऊन आले होते.

पहाटे पाणी आणायला खाली उतरलो तेव्हा खाचरातल्या धसकटांवरचं दव पायांना गुडघ्यापर्यंत भिजवून गेलं. वर आलो, तर तंबूचं बाहेरचं कापड हाताला जेमतेम ओलसर लागलं. ऊन आल्यावर ते वाळलं, आम्ही खुंट्यांची भोकं पायानं बुजवली आणि पाचनईची वाट धरली.