गोडे पाणी, खारे पाणी : रसाची तीव्रता ठरते कशी?

मेहकरपासून जवळच असलेल्या लोणारच्या विवरात, कमळजादेवीच्या मंदिरानजीक ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोडे व दुसऱ्या बाजूचे खारे, अशी लोकप्रसिद्धी आहे. शेजारी तीव्र क्षारयुक्त सरोवर असताना साधे पाणीही जिभेला गोडच भासावे, यात नवल नाही. आपल्या भाषेने हा अनुभव केव्हाच नोंदविला आहे. गोडे पाणी, गोडेतेल, गोडे वरण या शब्दांत साखरेची गोडी अभिप्रेत नाही. खाऱ्या, कडवट वा तिखटाच्या तुलनेत जे सौम्य, ते गोडे. वैद्यवर्गाला व औषधनिर्मात्यांना या तुलनेचा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

रसाचे ज्ञान द्रव्याचा जिभेशी संयोग होताच होते, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. मात्र ज्या जिभेवर द्रव्य पडते, तिची पूर्वस्थिती कोणती, हाही प्रश्न उरतोच. पित्तज ज्वरात तोंड कडू होते, कफज ज्वरात गोड होते. अशा रुग्णाने ‘या वेळचा काढा फार कडू आहे’ अशी तक्रार केली, तर दोष काढ्याचा की मुखाचा, हे आधी पाहावे लागते. आवळा खाल्ल्यानंतर पाणी गोड लागते हे लहान मुलालाही ठाऊक असते. मधुनाशिनीचे पान चावल्यावर तर काही काळ साखरेची गोडीच हरपते.

पाश्चात्त्य संशोधकांनी या विषयावर मोजमापासह काम केले आहे. 1979 साली रिस्की, पार्डुची व बोशॅम्प यांनी कमी-अधिक साखरेची पेये चाखावयास दिली. ज्या मालिकेत अल्पगोड नमुने अधिक होते, तीत तेच मध्यम पेय जास्त गोड ठरले. तीव्र गोड नमुने अधिक असता तेच पेय फिके ठरले. इतकेच नव्हे, तर सर्वाधिक रुचकर वाटणारे साखरेचे प्रमाणही मालिकेनुसार सरकले. द्रव्य तेच असूनही निर्णय भिन्न झाला. पाण्याचेही असेच आहे. जीभ मिठाच्या द्रावणाला सरावली की साधे पाणी किंचित आंबट-कडू लागते व क्विनीननंतर गोडसर लागते, असे लिंडा बार्टोशुक यांच्या प्रयोगांतून दिसले.

आता आपल्या कोठारात डोकावू. किराईताच्या नावाखाली कालमेघ येतो, हे फार्मसीचालकांना सांगावयास नको. दोन्ही तिक्तच, त्यामुळे केवळ ‘कडू आहे’ एवढ्यावर माल स्वीकारणे धोक्याचे. त्यातही कुटकी चाखून लगेच किराईत चाखले तर उत्तम मालही हीनवीर्य वाटेल, आणि शतावरी, ज्येष्ठमधानंतर चाखले तर जुनाट मालही पुरेसा कडू वाटेल. पहिल्या प्रसंगी चांगला माल परत जातो, दुसऱ्या प्रसंगी निकृष्ट माल रुग्णाच्या पोटात जातो. हा दुसरा प्रसंग आम्हांस अधिक गंभीर वाटतो, कारण त्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही. (बचनाग, कुचला, बिब्बा यांची परीक्षा जिभेने करू नये, हे नवशिक्या मदतनिसांस स्पष्ट बजावावे.)

चिकित्सालयातील प्रश्न लवणाचा आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. तेथील भूजल मचूळ आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील मेहकरचा रुग्ण व तिकडचा रुग्ण यांची ‘बेताचे मीठ’ ही कल्पना एकच असेल, असे गृहीत धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मिठाची आहे. रक्तदाबाच्या रुग्णास आपण ‘मीठ कमी करा’ म्हणतो. तो चार दिवस अळणी जेवतो आणि कंटाळून पुन्हा पापड-लोणच्याकडे वळतो. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र, काही महिने कमी मिठाचा आहार घेणाऱ्यांना पूर्वीपेक्षा कमी खारट पदार्थच रुचू लागले, असे आढळले. तेव्हा रुग्णास पहिल्याच दिवशी सांगावे की ही अळणी चव कायमची नाही, जिभेचे माप बदलावयास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. दरम्यान कोकम, लिंबू, जिरे, आले यांचा आधार घेता येतो. जेवणातील एकच पदार्थ खारट ठेवून बाकीचे अळणी करण्यापेक्षा सर्वच पदार्थांतील मीठ थोडे थोडे उतरविणे बरे. एरवी त्या एका पदार्थाशेजारी उरलेले ताट अधिकच अळणी भासते.

फार्मसीत मात्र उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. खात्रीच्या मालाचा प्रमाण नमुना बंद बरणीत ठेवावा आणि नवा माल नेहमी त्याच्याच जोडीने चाखावा. पुड्यांवर नावाऐवजी खुणा असाव्यात. प्रत्येक नमुन्यानंतर कोमट पाण्याने चूळ भरून काही मिनिटे थांबावे. तिक्त द्रव्ये एका बैठकीत तीन-चारांहून अधिक घेऊ नयेत व दुसऱ्या व्यक्तीने तीच उलट क्रमाने चाखावीत. दोघांचे मत जुळले नाही, तर त्या मालाचा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी, चहापूर्वी करावा.