हरकतीचे तीस दिवस

घरपट्टीचे वाढीव बिल हातात पडले की आपले व्यापारी बांधव दुकानाच्या पायरीवर बसून नगरपालिकेला बोल लावतात. पण तोवर बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. आम्ही तासगावात कापडाचा धंदा करतो. मागे एका फेरआकारणीत आमचेही असेच झाले. ज्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली होती, ते आमच्याच दुकानात गठ्ठ्याखाली अंथरलेले सापडले! चूक आमचीच होती.

नगरपरिषदांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम लागू आहे. आकारणी यादी तयार झाली की कलम ११९ प्रमाणे मुख्याधिकाऱ्यांनी तसे जाहीर करायचे असते, यादी कोठे पाहायला मिळेल तेही सांगायचे असते. ती पाहण्यास व उतारा घेण्यास पैसे पडत नाहीत. हा हक्क मालकाइतकाच जागा वापरणाऱ्या भाडेकरूलाही आहे. कलम १२० प्रमाणे हरकतीसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. आकारणी प्रथमच होत असेल किंवा वाढत असेल, तर मालकाला वा भोगवटादाराला वेगळी नोटीसही द्यावी लागते. ती घरमालकाकडे गेली आणि त्याने सांगितले नाही, तर भाडेकरू अंधारात राहतो. करारात घरपट्टी आपल्यावर असेल, तर मालकाकडे चौकशी ठेवावी.

हरकत लेखीच हवी. नुसते ‘कर जास्त आहे’ लिहून भागत नाही, कारण द्यावे लागते. दुकानाचे माप जास्त पडले आहे, पत्र्याच्या शेडला स्लॅबचा दर लागला आहे, भाडे पावतीपेक्षा जादा धरले आहे, असे जे असेल ते स्पष्ट लिहावे. सोबत भाडेपावती व जुने बिल जोडावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. सुनावणीच्या दिवशी गल्ला मुलाकडे सोपवून स्वतः हजर राहावे.

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना एक शब्द चकवतो. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल, मराठी नोटिशीत मात्र आक्षेप. ज्यांच्या घरी फक्त उर्दू अखबार येतो, त्यांनी मराठी पत्रातील नोटिशींचे पान मुलांकडून वाचून घ्यावे. फेरआकारणी चार वर्षांनी होते. म्हणजे ३० दिवसांचा आळस चार वर्षे भरावा लागतो. आधी उर्दूतली हरकत करावी, म्हणजे मराठीतली वेळेत दाखल होईल.